उतरल्या गंगेतील मासे

आषाढ-श्रावणात गंगेने गिळलेल्या पायऱ्या कार्तिकात एकेक करून परत मिळू लागतात. काशीच्या दुर्गाघाटावर पहाटेच्या स्नानाला उतरणाऱ्या स्त्रियांना काल जेथे तांब्या बुडत होता तेथे आज ओला गाळ आढळतो, आणि स्नानाची पायरी दिवसादिवसाने खाली जाते. शेजारच्या पंचगंगा घाटावर उंच वेळूंच्या टोकांशी आकाशदीप टांगलेले असतात. त्यांच्या उजेडात पाणी काळे दिसते, पण ऊन वर आले की त्याच पाण्यात हातभर खोलीवरची पायरी, तिच्यावरचे शेवाळ आणि शेवाळाला तोंड लावून उभे असलेले लहान मासेही दिसू लागतात. काशीस गंगेची धोक्याची पातळी समुद्रसपाटीपासून ७१.२६ मीटर धरलेली आहे. १९७८ च्या सप्टेंबरात पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढले होते, आणि वैशाख-ज्येष्ठात तेच साठ मीटरांच्याही खाली उतरते. चार मजली घर उभे राहील एवढा हा चढउतार आहे. काशीच्या घाटांना इतक्या पायऱ्या का, याचे उत्तर भक्तीपेक्षा या आकड्यांत अधिक सापडते.

पावसाळ्यातील गंगा आणि हिवाळ्यातील गंगा या माशांच्या दृष्टीने दोन वेगळ्या नद्या होत. पहिली वेगवान, मातीने भरलेली, वीतभर आत ठेवलेला हातही दिसू न देणारी. दुसरी संथ. वेग कमी झाला की पाण्याने उचललेली माती तळाशी बसते, आणि नदी उतरते तशी निवळते. ट्राउट माशासाठी वाहणाऱ्या डोंगरी ओढ्याइतकी ती कधीच नितळ होत नाही; पण जिचे नावच गढूळपणाशी जोडलेले, त्या मैदानी नदीच्या मानाने हा पालट मोठा आहे.

दुर्गाघाटाच्या संदर्भात माशांचा विषय काढणे काहींना विचित्र वाटेल. हा घाट म्हणजे काशीतील मराठी वस्तीचे एक मूळ ठिकाण. वेदपाठशाळा, अग्निहोत्रे आणि ब्रह्मचारिणी दुर्गेचे देऊळ यांनी ओळखला जाणारा. परंतु या घाटाची जुनी हकिकत माशांपासूनच सुरू होते. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी १७४० च्या सुमारास ही जागा तेथील कोळ्यांकडून विकत घेतली आणि घाट पक्का बांधविला, अशी नोंद काशीच्या घाटांच्या इतिहासात आढळते. जेथे पुढे संहितेचे घोष उठले तेथे त्याआधी होड्या आणि जाळी वाळत होती. वस्ती बदलली, मासे मात्र जागा सोडून गेले नाहीत, आणि मल्लाहही फार दूर गेले नाहीत. आजही घाटाशी बांधलेल्या होड्या त्यांच्याच आहेत.

आता प्रश्न असा, की नदी उतरली, पात्र आकसले, पाणी निवळले आणि मासे दिसू लागले, म्हणजे मासे पकडणे सोपे झाले असे कोणासही वाटेल. पाण्याशी ज्याचा संबंध नाही तो हमखास असेच म्हणतो. गळ टाकणाराचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. ज्या पाण्यात माणसाला मासा दिसतो त्या पाण्यात माशाला माणूस त्याच्या आधी दिसलेला असतो.

याचे कारण प्रकाशाच्या एका साध्या नियमात आहे. हवेतून पाण्यात शिरणारा किरण वाकतो. त्यामुळे पाण्याखालून वर पाहणाऱ्या डोळ्याला सारे आकाश, दोन्ही काठ, झाडे आणि माणसे एका वाटोळ्या खिडकीत गोळा झालेली दिसतात. खिडकीबाहेरचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा भासतो, आणि त्यात नदीचा तळच उलटा दिसतो. ही खिडकी माशाबरोबर चालते. तिचा व्यास माशाच्या खोलीच्या सुमारे सव्वादोन पट असतो: मासा एक मीटर खोल असेल तर सव्वादोन मीटर, वीतभर खोल असेल तर सव्वादोन वीत. खिडकीच्या मध्यभागी वस्तू स्पष्ट दिसतात. क्षितिजालगतच्या वस्तू मात्र कडेला चेपून, चपट्या होऊन, जवळजवळ ओळखू न येण्याजोग्या होतात. काठावर बसलेला, वाकलेला, पाण्याच्या पातळीशी नाते ठेवणारा माणूस या चेपलेल्या कडेत हरवतो. उभा राहिलेला माणूस खिडकीच्या आत सरकतो.

घाटाच्या पायऱ्यांनी येथे गळवाल्याची पंचाईत केली आहे. नैसर्गिक काठ हळूहळू चढतो, त्यावर झुडपे असतात, आणि त्यांच्या आडोशाला माणूस बसू शकतो. दुर्गाघाटाची चढण तीव्र आहे. पाण्यापासून चार हात मागे सरकणारा माणूस दोन हात वरही चढतो. तो मागे गेल्याने लपत नाही, उलट उंच होऊन अधिकच दिसतो. त्यातून हे घाट पूर्वाभिमुख. सकाळचे ऊन समोरून, पलीकडच्या वाळूवरून येते. सावली पाठीमागे पडते हे खरे, पण सगळा माणूस उजळून निघतो. दुपार उलटली की उन्हाची दिशा फिरते आणि वाड्यांच्या, शिखरांच्या सावल्या पाण्यावर पसरतात. मग माणसाची सावली त्या मोठ्या सावलीत मिसळून जाते. घाटावरून गळ टाकावयाचा असेल तर सर्वांत खालच्या पायरीवर, कोनाड्याला किंवा बुरुजाला पाठ लावून, तिसऱ्या प्रहरानंतर बसावे, हा शहाणपणा कोणा शास्त्रज्ञाने शिकविलेला नाही. पण त्याचे शास्त्र हे असे आहे.

डोळ्याइतकाच माशाचा दुसरा पहारेकरीही सावध असतो. त्याच्या दोन्ही अंगांवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ गेलेली दिसते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्यातील अत्यंत सूक्ष्म धक्के या रेषेतील संवेदनशील पेशींना कळतात. भरल्या नदीत प्रवाहाचा स्वतःचाच गोंगाट इतका असतो की त्यात होडीच्या काठीचा आवाज बुडून जातो. उतरलेल्या, संथ पाण्यात दगडी पायरीवर आपटलेली बादलीही दूरवर पोहोचते. काठावरच्या बोलण्याने मात्र मासे फारसे बिचकत नाहीत, कारण हवेतील आवाज पाण्यात फार थोडा शिरतो. घाटावर गप्पा माराव्यात, पाय आपटू नयेत.

उतरल्या, नितळ पाण्यातील मासेमारीची विद्या ज्यांनी सर्वांत बारकाईने लिहून ठेवली ते ट्राउटच्या मागे लागलेले लोक होत. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. पाणी सुमारे वीस अंश सेल्सिअसच्या वर तापले की त्याला प्राणवायू पुरत नाही, तो खाणे सोडतो, आणि अशा वेळी पकडून सोडून दिला तरी अनेकदा जगत नाही. भारतात तो उपरा आहे: काश्मीरच्या नद्यांत तो विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांतून रुजला, आणि निलगिरीच्या ओढ्यांतही पुढे त्याची वसाहत झाली. महाराष्ट्राच्या नद्या त्याच्यासाठी फार उबदार. ट्राउट डोळ्याने शिकार करतो. वाहत येणारे किडे टिपण्यासाठी तो प्रवाहाकडे तोंड करून एकाच जागी स्थिर राहतो, आणि म्हणून त्याची पाठ नेहमी उताराकडे असते. स्कॉटलंडच्या डब्ल्यू. सी. स्ट्युअर्टने १८५७ साली लिहिलेल्या पुस्तकात या एका गोष्टीवर सारा भर दिला. नितळ ओढ्यात वरून खाली येऊ नका, खालून वर जा. माशाच्या पाठीमागून जा. दोरीचे टोक जितके बारीक तितके बरे, पिसे आणि रेशीम गुंडाळून केलेली कृत्रिम माशी जितकी लहान तितकी बरी, आणि काठी फेकण्यापूर्वी पाहण्यात जो वेळ जाईल तो वाया गेला असे समजू नये. पाणी जितके कमी तितके माणसानेही कमी व्हावे, असा या साऱ्याचा अर्थ.

हीच विद्या उचलून काशीत आणली तर ती अर्धीच लागू पडेल, आणि का लागू पडत नाही हे पाहण्यासारखे आहे. ट्राउटचे आयुष्य नितळ पाण्यात गेले. गंगेच्या माशांचे गढूळ पाण्यात. फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि शास्त्रीय नावे देताना कोळ्यांच्याच तोंडचे शब्द लॅटिन साच्यात बसविले. रोहिता, कतला, मृगला, रीता, टेंगारा, वाचा: जगभरच्या ग्रंथालयांत जी नावे छापली जातात ती गंगाकाठच्या बाजारात ओरडून मासे विकणाऱ्यांची आहेत. (पुढे कर्नल साइक्सने दख्खनचे मासे नोंदताना मराठी नावांशी असेच केले, मुळामुठेतील खुद्री मासा शास्त्रात आजही त्याच नावाने ओळखला जातो.) या यादीकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. रीता, टेंगरा, पढिन हे सारे मिशांचे मासे. मिशा हे त्यांचे बोट आणि जीभ दोन्ही होय. अंधाऱ्या पाण्यात ते डोळ्याने शोधत नाहीत. चाचपडून आणि चाखून शोधतात. रोहू आणि नैन तळाशी व मधल्या पाण्यात वनस्पती, शेवाळ आणि कुजके खातात; त्यांना उडत्या माशीशी कर्तव्य नाही.

या गढूळपणाची सर्वांत मोठी साक्ष मासा नसलेल्या एका प्राण्याकडून मिळते. गंगेतील सूंस, म्हणजे नदीतला डॉल्फिन, हा जवळजवळ आंधळा आहे. त्याच्या डोळ्यात भिंगच नसते. उजेड-अंधार एवढेच त्याला कळते. तो टिचकीसारखे आवाज काढतो आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून मासा कोठे आहे हे ओळखतो. लक्षावधी वर्षे जिच्या पाण्यात पाहून उपयोग नव्हता त्या नदीने आपल्या या रहिवाशाची दृष्टी काढून घेतली. २००९ साली याच प्राण्याची भारताचा राष्ट्रीय जलचर म्हणून निवड झाली.

म्हणून ट्राउटच्या गळवाल्याची कला डोळ्याला फसविण्याची, आणि गंगेच्या गळवाल्याची कला नाकाला व जिभेला फसविण्याची. कणीक, सातू, पेंड, गूळ, वास येणारा मसाला यांचे गोळे करून टाकणे, आदल्या दिवशी त्याच जागी थोडे विखरून माशांना सवय लावणे, आणि मग त्याच गोळ्यात गळ लपविणे हा येथला मार्ग. तो नवा नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९ च्या सुमारास रचलेल्या मानसोल्लासात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण आहे. कोणता मासा नदीचा, कोणता समुद्राचा, कोणाला कोणते खाद्य आवडते, काठी, दोरी आणि गळ कसे असावेत, हे तेथे राजाच्या करमणुकीचा एक विषय म्हणून सांगितले आहे. राजाने बारा महिने ज्यांच्याकडून हे ऐकले असेल त्यांची नावे ग्रंथात असण्याचे कारण नव्हते. दख्खनच्या या ग्रंथात माशाला पकडण्याआधी खाऊ घालण्यावर जो भर आहे, तोच काशीच्या घाटावर दिसतो.

आणि येथे एक गमतीची गुंतागुंत होते. काशीस येणारा यात्रेकरू माशांना कणकेच्या गोळ्या घालतो. तो धर्म समजला जातो. दुर्गाघाटावरचे मूलही आजीच्या हातून परातीतली उरलेली कणीक मागून घेते आणि पाण्यात टाकते. महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीत देवीच्या आश्रयाने वाढलेले मोठाले मासे ज्यांनी पाहिले असतील त्यांना ठाऊक आहे की रोज खाऊ मिळणारा आणि कधीही न मारला जाणारा मासा माणसाला भिण्याचे सोडून देतो. सावली पडली की तो पळत नाही, जवळ येतो. भाविकाची गोळी आणि गळवाल्याची गोळी एकाच पिठाची असते. पहिलीने कमावलेला विश्वास दुसरी वापरते. खिडकी, पार्श्वरेषा आणि बारीक दोर यांविषयी जे वर सांगितले ते सारे अशा जागी लटके पडते. मासा पाहतो, ओळखतो आणि तरीही येतो. वाळणकोंडीत देवीचा वचक आहे म्हणून हे चालते. घाटावर तसा वचक काही पायऱ्यांपुरता असतो, दोन घाट पलीकडे नसतो.

कायद्याने हा वचक काही वर्षे सर्व घाटांना दिला होता. रामनगरच्या किल्ल्यापासून राजघाटच्या मालवीय पुलापर्यंतचा सात किलोमीटरचा पट्टा १९८९ साली कासवांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला. दुर्गाघाट या पट्ट्यातच येतो. नदीत सोडलेली कासवे प्रेतांचे अवशेष खातील आणि पाणी शुद्ध राखतील अशी मूळ कल्पना होती. त्याबरोबर मासेमारीलाही बंदी आली. २०२० मध्ये हे अभयारण्य रद्द करण्यात आले. बंदीच्या काळात मल्लाहांनी कशावर जगावे याची तरतूद कासवांइतक्या तपशिलाने झाली नाही, हेही नोंदविले पाहिजे. त्यांतील पुष्कळांनी जाळे टाकून वल्हे धरले. यात्रेकरूंना गंगा दाखविणे हाच त्यांचा धंदा झाला.

परंतु कायद्यापेक्षा मोठा बदल नदीतच झालेला आहे. उतरलेली, संथ नदी ही पूर्वी वर्षाच्या एका भागाची अवस्था होती. पूर आला की ती संपत असे, आणि माशांचे सारे पंचांग त्या पुरावर बेतलेले होते. रोहू, कतला आणि नैन पावसाळ्यात, पाणी काठ ओलांडून शेतात आणि खाचरांत शिरले म्हणजे अंडी घालतात. समुद्रातून येणारा हिलसा, ज्याला मुंबईच्या बाजारात पाला म्हणतात, पुराच्या पाण्याला तोंड देत बंगालच्या उपसागरातून शेकडो कोस वर येई. काशी, प्रयाग आणि त्याही पलीकडे तो पोहोचत असे. १९७५ साली फराक्का येथे सव्वादोन किलोमीटर लांबीचे धरण नदीवर आडवे उभे राहिले आणि ही वाट बंद झाली. काशीच्या मल्लाहांच्या जाळ्यातून हिलसा एका पिढीत नाहीसा झाला. अलीकडे बराकपूरच्या मत्स्यसंशोधन संस्थेने फराक्क्याच्या वरच्या अंगाला हिलसा सोडण्याचे प्रयत्न केले आहेत; काशीच्या पायऱ्यांपर्यंत तो पूर्वीसारखा येण्याचा दिवस अजून दूर आहे.

दुसरीकडे पाणी वरच्या वर उचलले जाते. हरिद्वारचा कालवा १८५४ साली सुरू झाला, नरोऱ्याचा १८७८ साली, आणि टिहरीच्या धरणातून २००६ साली वीज निघू लागली. या कालव्यांनी दोआबाची शेती उभी केली, याबद्दल वाद नाही. पण हिवाळा-उन्हाळ्यात काशीपुढून जे वाहते त्यात हिमालयाचे पाणी पूर्वीपेक्षा कमी आणि गावांतून आलेले पाणी अधिक असते. अशा संथ, उथळ, उबदार पाण्यात जे मासे सुखाने राहतात ते वेगळे. सायप्रिनस आणि तिलापिया या बाहेरून आणलेल्या जातींचे प्रमाण मधल्या गंगेत गेल्या काही दशकांत वाढले आहे. तिलापियाला पुराची गरज नाही. उथळ तळाशी वाटोळा खड्डा करून तो घर मांडतो आणि पिले तोंडात घेऊन वाढवितो. बाजारातला रोहू आता बहुधा तळ्यातला असतो, कारण १९५७ साली कटक येथे हीरालाल चौधरी यांनी संप्रेरक टोचून या माशांची वीण तळ्यात घडवून आणली, आणि त्यानंतर नदीतून बीज गोळा करण्याची गरज उरली नाही. खाणाऱ्याचे त्यात कल्याणच झाले. नदीतल्या रोहूची विचारपूस मात्र त्याच प्रमाणात कमी झाली.

२०२० च्या वसंतात देशभर व्यवहार थांबले तेव्हा काशीची गंगा कधी नव्हे इतकी निवळल्याचे वृत्त सर्वत्र छापून आले. कारखाने बंद, होड्या बांधलेल्या, घाट ओस. त्या आठवड्यांत दुर्गाघाटाच्या बुडालेल्या पायऱ्या दिसल्या असतील आणि त्यांवरचे मासेही. त्या चित्रांनी पुष्कळांना आनंद झाला, आणि तो खोटा नव्हता. तरी नितळ म्हणजे स्वच्छ असे नाही. माती डोळ्याला दिसते. सांडपाण्यातील जंतू दिसत नाहीत. उलट पावसाळ्यातली मातकट गंगा, जिला पाहून परगावचा माणूस नाक मुरडतो, ती माशाच्या दृष्टीने वर्षातली सर्वांत जिवंत नदी असते: भरपूर प्राणवायू, भरपूर खाद्य, काठाबाहेर पसरण्यास जागा. ट्राउटचा ओढा गढूळ झाला तर काही बिघडले असे समजावे. गंगा सदा नितळ राहू लागली तर तोच संशय घ्यावा.

उतरल्या गंगेत अजून एक मासा असा आहे की जो ट्राउटच्या रीतीने जगतो. चेल्हवा. बोटभर लांब, रुपेरी, चपटा, पृष्ठभागालगत झुंडीने फिरणारा आणि पाण्यावर पडणारे किडे डोळ्याने पाहून टिपणारा. काशीत कृत्रिम माशी टाकण्याची हौस कोणास झालीच तर तिला फसणारा गडी हाच. तो पृष्ठभागाला इतका लागून असतो की त्याची आकाशाची खिडकी तळव्याएवढीच राहते. म्हणून पायरीवर स्थिर बसलेल्या माणसाच्या पायाशीही तो बिनधास्त येतो. मार्गशीर्षातल्या सायंकाळी वाड्यांची सावली पाण्यावर दूरवर गेली, ब्रह्मचारिणीच्या देवळात घंटा वाजू लागली की दुर्गाघाटाच्या शेवटच्या पायरीपुढे पाऊस पडल्यासारखी वर्तुळे उठतात. पाऊस नसतो, चेल्हवे चिलटे टिपत असतात. कोणी एक मूल कणकेची गोळी टाकते. रुपेरी झुंड तिच्यावर तुटून पडते, गोळीचा चुरा खाली झरतो, आणि खालच्या काळ्या पाण्यात काहीतरी मोठे, मिशांचे, सावकाश कुशीवर वळते.